डोळ्यांखालचं फिलर आणि न मिळालेलं स्टिकर

केतकी_ठाणे · १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. विषय खाजगी आहे. पण मला माहिती हवी होती तेव्हा मराठीत धड काही सापडलं नाही, म्हणून मन घट्ट करून लिहिते.

माझं वय ५४. मागच्या मार्गशीर्षात लेकीचं लग्न झालं. दिवाळीनंतर नेहमीच्या पार्लरमध्ये फेशियलला गेले होते. तिथली मुलगी मला पंधरा वर्षं ओळखते. ती म्हणाली, "ताई, डोळ्यांखाली खड्डे पडलेत. मेकअप कितीही चांगला केला तरी फोटोत दमलेल्या दिसाल. रविवारी आमच्याकडे डॉक्टर येणार आहेत, फिलर म्हणजे खड्डा भरणारं जेल टोचतील, दहा मिनिटांचं काम आहे." घरी आले, आरशासमोर उभी राहिले आणि तोवर कधी न दिसलेले ते खड्डे मला दिसायला लागले ते लागलेच.

रविवारी गेले. ज्या खुर्चीत बसून मी भुवया करते, त्याच खुर्चीत बसवलं. बधिर करायचं मलम लावून वीस मिनिटं थांबवलं. स्टीलच्या ट्रेमध्ये सिरिंज आधीच तयार ठेवलेली होती, सुई लावून. खोकं दिसलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुखलं फारसं नाही, आत कोणीतरी बोटाने जेल पसरवतंय असा दाब तेवढा जाणवला. दोन्ही डोळ्यांना मिळून १ मिली. २२,००० रुपये दिले आणि पावतीवर लिहून मिळालं "ब्रायडल पॅकेज".

लग्न छान झालं. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही नवरीची बहीण वाटता." खरं सांगते, ते ऐकून खूप बरं वाटलं.

संक्रांतीच्या सुमाराला सकाळी उठलं की डोळ्यांखाली फुगवटा दिसायला लागला. दुपारपर्यंत थोडा उतरायचा, निळसर झाक मात्र राहायची. एका सकाळी चहा देताना ह्यांनी विचारलं, "रात्री रडलीस का?" त्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

त्यांचा पहिला प्रश्न असा की कोणतं फिलर होतं? डबीवरचं स्टिकर आहे का? मला फिलरला नाव असतं हेही माहीत नव्हतं. पार्लरमध्ये फोन केला. ते डॉक्टर आता येत नाहीत, एवढंच उत्तर मिळालं.

नशिबाने सोनोग्राफीत ते विरघळणाऱ्यातलं दिसलं. हातावर ॲलर्जीची चाचणी घेऊन ते विरघळवणारं दुसरं इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फुगवटा निम्म्याहून जास्त उतरला. दोन आठवड्यांनी थोडा डोस पुन्हा दिला. आता खड्डे पूर्वीसारखे आहेत आणि मला ते आवडायला लागले आहेत.

पण प्रश्न संपलेले नाहीत. ही औषधं नेमकी असतात तरी काय? कोणतं कशासाठी? कुठे थांबायचं? जाणकारांनी लिहावं ही विनंती.

---

निशिगंध · १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

केतकीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या मोठ्या नणंदेने असंच कोणालाही न सांगता करून घेतलं होतं. एक गाल वर आणि एक खाली दिसायला लागला तेव्हा वर्षभर घरगुती कार्यक्रमांना यायची बंद झाली. विरघळवता येतं हे तिला कोणी सांगितलंच नाही. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे तिला हा धागा पाठवणं.

---

त्वचाविद · १३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी नाशिकला त्वचारोगांची प्रॅक्टिस करते, २० वर्षं झाली. ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहिते, त्यामुळे विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

केतकीताई, डोळ्यांखालची त्वचा अतिशय पातळ असते. जेल तिथे खोल, हाडालगत बसायला हवं. वरच्या थरात राहिलं तर त्यातून प्रकाश विखुरतो आणि निळसर दिसतं. शाळेत धुळीतून येणाऱ्या कवडशाच्या वेळी टिंडाल परिणाम शिकलो होतो, तोच हा. शिवाय हे जेल पाणी धरून ठेवतं, म्हणून रात्रभर आडवं राहिल्यावर किंवा पापड-लोणचं जास्त झाल्यावर फुगवटा वाढतो.

आता मूळ प्रश्न. लोक सगळ्यालाच "बोटॉक्स केलं" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. चेहऱ्यावरच्या काही रेषा स्नायूंच्या हालचालीने पडतात, जसं कपाळाला आठ्या घालून पडलेल्या भुवयांमधल्या दोन उभ्या रेषा. काही बदल आतली चरबी आणि हाडाचा आधार कमी झाल्याने होतात, म्हणजे गाल उतरणं, डोळ्यांखाली खळगा पडणं, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होणं. पहिल्यावर बोटॉक्सचा उपयोग होतो, दुसऱ्यावर फिलरचा. तिसरी गोष्ट त्वचेचा पोत, म्हणजे कोरडेपणा, बारीक जाळी, डाग. त्यावर या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. हे न पाहता सुई उचलली की पैसे वाया जातात.

बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचं विष, अत्यंत सूक्ष्म मात्रेत. नसेकडून स्नायूला "आकुंचन पाव" असा निरोप एका रसायनामार्फत जातो, त्या रसायनाची वाट हे औषध अडवतं. १८२० च्या दशकात जर्मनीत जस्टिनस केर्नर या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेची लक्षणं बारकाईने लिहून ठेवली होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तेच विष तिरळेपणावर औषध म्हणून वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांचा शोध तर एका रुग्णामुळे लागला. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या फडफडण्याच्या आजारावर हे इंजेक्शन देत. एक बाई म्हणाल्या, मला भुवयांच्या मध्येही द्या, तिथे दिलं की माझा चेहरा निवांत दिसतो. जीन यांचे पती ॲलास्टेर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून अभ्यास केला, १९९२ मध्ये तो छापून आला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या रेषांसाठी मान्यता मिळाली.

परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पूर्ण दोन आठवड्यांनी, आणि टिकतो साधारण तीन ते चार महिने. भुवयांमधल्या रेषांना ठरलेली मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी ४-४. चुकीच्या जागी उतरलं तर पापणी खाली येते. काही आठवड्यांत ती आपोआप वर येते, पण तोवर माणूस हवालदिल होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, मायस्थेनियाच्या (स्नायू दुबळे होण्याच्या आजाराच्या) रुग्णांना आम्ही देत नाही.

फिलरबद्दल रात्री लिहीन.

---

दिवाकर_सातारा · १३ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

मी पुरुष, वय ६१, आणि मी गेली पाच वर्षं बोटॉक्स घेतो. सुरकुत्यांसाठी नाही. माझ्या चेहऱ्याचा डावा भाग आपोआप आखडायचा. आधी नुसती पापणी लवायची, घरच्यांनी शुभ-अशुभ बघण्यात महिने घालवले. मग ओठाचा कोपराही ओढला जायला लागला. पोवई नाक्यावर स्कूटर चालवताना डोळा मिटला तो उघडेना, तेव्हा गाडी बाजूला घेऊन फूटपाथवर बसलो. त्या दिवसापासून स्कूटर बंद केली.

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं, हेमिफेशियल स्पॅझम. दर साडेतीन-चार महिन्यांनी एसटीने पुण्याला जातो, पाच-सहा टोचण्या घेतो आणि संध्याकाळी परत येतो. स्कूटर पुन्हा सुरू केली आहे.

हे सांगायचं कारण असं की माझे डॉक्टर दर वेळी बाटली फ्रिजमधून माझ्यासमोर काढतात, माझ्यासमोर सलाइन घालून विरघळवतात आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक माझ्या फायलीत लिहितात. मला वाटायचं सगळीकडे असंच असेल. केतकीताईंचं वाचून अंगावर काटा आला. तेच औषध, तीच सुई, आणि चेहरा सुंदर करायचा म्हटलं की नियम सोडून द्यायचे?

---

रानजाई · १३ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

कोणाचं मन दुखवायचं नाही, पण मनापासून वाटतं ते लिहिते. माझी आजी गेली तेव्हा ८८ वर्षांची होती. तिच्या डोळ्यांच्या कडेला मोराच्या पायासारख्या रेषा होत्या. ती हसायच्या आधी त्या हसायच्या. आम्ही नातवंडं तिच्या मांडीवर झोपून त्या मोजायचो. आता माझ्या डोळ्यांशी त्या यायला लागल्यात आणि मला आजी भेटल्यासारखं वाटतं.

पन्नाशीच्या बाईने लेकीच्या लग्नात दमलेलं दिसू नये, हे ठरवलं कोणी? सहा महिने हॉल, केटरर, आहेर, रुसवे-फुगवे सांभाळून ती दमलेलीच असते.

---

मीरा_दुबई · १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

रानजाई, आजीचं वाचून डोळे भरून आले. तरी दुसरी बाजू सांगते. मी हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर आहे. भुवयांमध्ये दोन खोल रेषा, आईकडून आलेल्या. पाहुण्यांच्या प्रतिक्रियांत तीनदा आलं की डेस्कवरची बाई रागावलेली वाटते. मी रागावलेली नव्हते हो! मॅनेजरने समजुतीने बोलावून सांगितलं, पण बढती त्या वर्षी हुकली.

दोन वर्षांपासून वर्षातून दोनदा घेते, भुवयांमध्ये तेवढंच. मुलगा म्हणतो, आई, तू आता होमवर्क घेताना ओरडल्यासारखी दिसत नाहीस. मला लाज वाटत नाही आणि अभिमानही नाही, चष्मा लावावा तसं आहे. कोणी आनंदाने करून घेत असेल तर तिला कमी लेखू नये एवढंच म्हणणं.

---

रानजाई · १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०२

मीरा, पटलं. नोकरीचा हा भाग माझ्या ध्यानात आला नव्हता. राग बाईचा नाही, तिला तसं पाहणाऱ्यांचा आहे.

---

त्वचाविद · १३ फेब्रुवारी, रात्री १०:४५

फिलर. आज मुद्दाम वेळ काढून बसले आहे.

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या शरीरातच असतो, त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो पहिल्यांदा गायीच्या डोळ्यातून वेगळा केला. नुसता टोचला तर एक-दोन दिवसांत जिरून जातो, म्हणून त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंफतात आणि मग ते जेल सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. डोळ्यांखाली कधी याहूनही जास्त. त्याआधी गायीच्या कातडीतलं कोलॅजन वापरत, १९८१ पासून. त्याला आधी हातावर चाचणी करून चार आठवडे वाट पाहावी लागे आणि परिणाम तीन-चार महिन्यांत जाई. २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेत हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं.

याचा मोठा गुण म्हणजे ते विरघळवता येतं, केतकीताईंच्या बाबतीत झालं तसं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइट आणि पॉलिलॅक्टिक ॲसिड ही दोन वेगळ्या जातीची औषधं. ती तुमच्या त्वचेला स्वतःचं कोलॅजन बनवायला लावतात. योग्य हातात चांगली आहेत, पण त्यांना उतारा नाही. म्हणून तर "कोणतं होतं?" हा पहिला प्रश्न.

आता ते स्टिकर. फिलरच्या खोक्यात सिरिंजबरोबर सोलून काढता येणारी छोटी लेबलं येतात. त्यावर नाव, लॉट क्रमांक, मुदत. एक आमच्या नोंदीसाठी, एक तुमच्यासाठी. खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. फोडायला तयार नसतील तर उठून या. लेबल मिळालं की घरी ज्या फायलीत रक्ताचे रिपोर्ट ठेवता तिथे लावा.

धोक्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. जेल रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिला दाबलं गेलं तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट दिसते, आणि टोचल्याच्या मानाने फार दुखतं. भुवयांच्या मधली जागा आणि नाक इथे सगळ्यात जास्त जपावं लागतं, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. क्वचित, पण दृष्टी जाते. असं काही वाटलं तर बर्फ लावून सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी डॉक्टरला गाठा. जिथे विरघळवणारं औषध हाताशी नाही, तिथे हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर टोचून घेऊ नका. पार्लरमध्ये ते नसतं.

---

भूलतज्ज्ञ_सांगली · १४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

डॉक्टरांनी उत्तम लिहिलंय. त्या विरघळवणाऱ्या औषधाबद्दल भर घालतो, कारण ते आमच्या रोजच्या वापरातलं. हायलुरॉनिडेज. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्याभोवती भूल देताना ती नीट पसरावी म्हणून ते मिसळतात. १५०० युनिटची छोटी कुपी येते. म्हणजे ज्यांच्या आईवडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इंजेक्शनची भूल देऊन झालं असेल, त्यांच्या घरात हे औषध बहुधा येऊन गेलंय.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंग सुजलं असेल, श्वास लागला असेल, तर. त्यांच्या विषात हेच एन्झाइम असतं. आमच्या भागात उसाच्या फडात माशा चावलेले रुग्ण नेहमीचे, त्यामुळे मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो.

---

पाऊलखुणा · १४ फेब्रुवारी, दुपारी १:१०

मी २८ वर्षांची आहे. ऑफिसमधल्या दोघी "सामन मासा" इंजेक्शन घेतात, एक दर आठवड्याला ग्लुटाथिओनची ड्रिप घेते. मलाही आग्रह चाललाय. शिवाय ऑनलाइन एक पेन मिळतं, सुई नाही, दाबलं की फिलर आत जातं म्हणे. डॉक्टर, यातलं काय खरं?

---

त्वचाविद · १४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

पाऊलखुणा, विचारलंस ते बरं केलंस.

ते पेन घेऊ नकोस. दाबाने जेल कुठे आणि किती खोल जाईल यावर कोणाचाही ताबा नसतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे.

ग्लुटाथिओनला रंग उजळवण्यासाठी शिरेतून द्यायची मान्यता नाही. यकृताच्या आजारात वापरायचं औषध आहे ते. आठवड्याला शीर टोचून घेऊन रंग उजळेल या आशेवर पगार घालवू नकोस. तुझा रंग हा आजार नाही. हे वाक्य मी ओपीडीत रोज म्हणते आणि रोज म्हणत राहणार.

सामन मासा म्हणजे पॉलिन्यूक्लिओटाइड, माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएचे तुकडे. कोरियातून ही लाट आली. त्वचेची दुरुस्ती होते असा त्यामागचा विचार आहे, काही रुग्णांत पोत सुधारलेलाही दिसतो. पण २८ व्या वर्षी त्याची गरज मला दिसत नाही, आणि माशाची ॲलर्जी असेल तर अजिबात नाही. याच्याच आसपासचं म्हणजे स्किन बूस्टर. एका इटालियन प्रकारात २ मिलीमध्ये ६४ मिलिग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड असतं, प्रत्येक गालावर पाच ठिकाणी, महिन्याच्या अंतराने दोनदा. त्याने खड्डा भरत नाही, त्वचेत ओलावा येतो. कोरड्या, कागदासारख्या झालेल्या त्वचेला साठीत उपयोगी पडतं.

आपल्या त्वचेबद्दल एक महत्त्वाचं. आपल्यात मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त, त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग लवकर. माझ्याकडे "वय दिसतंय" म्हणून येणाऱ्या दहा बायकांतल्या सहा-सात जणींचं खरं दुखणं वांग किंवा काळवंडलेल्या डोळ्यांचं असतं. तिथे टोचलं तर टोचल्या जागी आणखी काळा ठिपका राहू शकतो. त्यांना मी सुई देतच नाही, सनस्क्रीन आणि रात्री लावायचं मलम देते.

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवला. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी लोंबलेला, उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. काचेतून येणाऱ्या उन्हाने हे केलं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मी एसटीच्या चालकांचा उजवा गाल पाहते, आणि फरक दिसतो.

---

शेतकरीण_सांगोला · १५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

ताई, आमच्याकडं डाळिंबाच्या बागेत दिवस जातो. २२,००० तर लांबच राहिले, सनस्क्रीनची ट्यूबसुद्धा महिन्याला परवडत नाही. आमच्यासाठी काय?

---

त्वचाविद · १५ फेब्रुवारी, सकाळी ८:५८

ताई, तुम्ही डोक्यावरून पदर घेऊन वर मोठा रुमाल बांधता ना? तोच चालू ठेवा, गालांवर येईल असा, शक्यतो गडद सुती. जमलं तर काठाची टोपी. अकरा ते तीन बागेतलं काम टाळता येईल तेवढं टाळा. घट्ट विणीचं कापड हे फार चांगलं संरक्षण आहे आणि घामाने निघून जात नाही. रात्री खोबरेल तेल लावलंत तर कोरडेपणा राहणार नाही. हे मी मन राखायला सांगत नाही, माझ्या आईलाही हेच सांगते.

---

न्यूजर्सीकर · १५ फेब्रुवारी, रात्री ११:१५

इकडचं सांगते. २०२४ च्या एप्रिलमध्ये सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, कळवलं की ११ राज्यांत २२ जणांना बोटॉक्सच्या नावाखाली टोचलेल्या इंजेक्शननंतर त्रास झाला. टोचणारे परवाना नसलेले किंवा न शिकलेले, काही ठिकाणी तर घरात. काही रुग्णांना डबल दिसायला लागलं, गिळता येईना, ११ जण इस्पितळात दाखल झाले. बनावट माल बाजारात आल्याचं त्याच वेळी उघड झालं. त्याच महिन्यात न्यू मेक्सिकोच्या एका स्पाचाही अहवाल आला. स्वतःचंच रक्त काढून चेहऱ्यावर टोचायचा प्रकार, पण साहित्य स्वच्छ नव्हतं आणि बायकांना एचआयव्हीची लागण झाली. "माझंच रक्त आहे, त्यात काय व्हायचंय" असं मीही म्हणायचे.

आमच्या मराठी मंडळातल्या दोघींनी कोणाच्या तरी बेसमेंटमधली "बोटॉक्स पार्टी" ठरवली होती. त्यांना हे वाचायला दिलं. एकीने रद्द केलं, दुसरी गेली. तिचं सगळं ठीक आहे, पण मी आठवडाभर रोज तिला फोन करत होते.

---

केतकी_ठाणे · १६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आज पार्लरमध्ये जाऊन आले. भांडायला गेले होते. ती मुलगी रडायला लागली. म्हणाली, ताई, मला हजार रुपये मिळायचे प्रत्येक गिऱ्हाइकामागे, डॉक्टर आहे म्हटलं म्हणून मी विश्वास ठेवला. त्यांचं पूर्ण नावसुद्धा तिच्याकडे नाही. मी तिला हा धागा दाखवला. तिने भिंतीवरचा "अँटी एजिंग" लिहिलेला बोर्ड माझ्यासमोर काढला.

माझं चुकलं ते हे की मी मुदत ठरवून गेले. लग्न तीन आठवड्यांवर होतं म्हणून काही विचारायला सवडच ठेवली नाही.

---

त्वचाविद · १७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

मुदतीचं बरोबर बोललात. लग्नसराईत माझ्याकडे "पुढच्या शनिवारी साखरपुडा आहे" म्हणून येतात. बोटॉक्सला दोन आठवडे लागतात पूर्ण उतरायला, फिलरने काळंनिळं पडलं तर ते जायलाही आठ-दहा दिवस. रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच, आणि इकोस्प्रिन हृदयासाठी असेल तर ती मनाने बंद करायची नाही. म्हणून कार्याच्या आधी निदान दीड-दोन महिने हातात हवेत. तेवढे नसतील तर मी नाही म्हणते. लोक रागावतात, रागावू देत.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, नाहीतर प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच पाहा. आणि पावतीवर औषधाचं नाव लिहून घ्या.

---

मीरा_दुबई · १७ फेब्रुवारी, सकाळी ९:३३

दराबद्दलही विचारत चला. बोटॉक्सचा भाव "कपाळाचे इतके" असा सांगितला तर किती युनिट, कोणत्या कंपनीचं, हे विचारा. एका ब्रँडचं १ युनिट म्हणजे दुसऱ्याचं १ युनिट नव्हे. मी डिस्पोर्ट, म्हणजे याच औषधाचा दुसरा ब्रँड, घेतलं तेव्हा ५० युनिटचा आकडा ऐकून घाबरले होते. मग कळलं, ते बोटॉक्स ब्रँडच्या साधारण २० युनिटएवढं असतं.

---

निशिगंध · २ मार्च, दुपारी ४:००

नणंद काल तज्ज्ञांकडे जाऊन आली. हायलुरॉनिक ॲसिडचंच निघालं. पहिला डोस झाला. तिने आज सकाळी व्हिडिओ कॉल केला, वर्षभरात पहिल्यांदा. नेहमी फोन कानालाच असायचा.

---

केतकी_ठाणे · २९ मार्च, रात्री ९:०५

निशिगंध, तुमच्या नणंदेचं वाचून आज पुन्हा एकदा वाटलं की धागा काढला ते बरं झालं.

माझं थोडं पुढचं सांगते. डोळ्यांखाली काही करायचं नाही हे पक्कं ठरलं. सनस्क्रीन आणि रात्रीचं मलम दीड महिना लावते आहे, गालावरचे डाग थोडे फिके झालेत. भुवयांमधल्या रेषांचं मात्र मला खरोखर वाटत होतं, कोणी सांगितलं म्हणून नाही. रानजाईंची क्षमा मागून लिहिते.

परवा माझ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. या वेळी वही घेऊन गेले होते. कुठलीही तारीख गाठायची नव्हती, घरात कार्य नाही. दिवाकरकाकांनी लिहिल्याप्रमाणे बाटली फ्रिजमधून काढायला सांगितली. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही विचारायच्या आधीच काढणार होते." तळाशी पांढरी पातळ कपची चिकटलेली, बाकी बाटली रिकामी वाटावी अशी. सलाइन आत गेलं आणि ती कपची क्षणात दिसेनाशी झाली. २० युनिट, पाच टोचण्या. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. पावतीवर औषधाचं नाव, युनिट आणि १८ टक्के जीएसटी, सगळं वेगवेगळं लिहिलेलं.

लॉट क्रमांक त्यांनी कागदावर लिहून दिला. तो ह्यांच्या बीपीच्या नोंदींच्या वहीत शेवटच्या पानावर चिकटवला आहे, वर तारीख घालून. ह्यांनी विचारलं, हे काय? सांगितलं सगळं, मार्गशीर्षातलंसुद्धा. २२,००० त्यांना तोवर माहीत नव्हते. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, पुढच्या वेळी मी येतो बरोबर.

१० एप्रिलला तपासणीला बोलावलंय. दोघं जाणार आहोत.